दिवा असलेला बाथरूम एक्झॉस्ट बनवताना: आधी हवेची वाट ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत तुमचं एलईडी फिटिंग्ज बनवण्याचं छोटं युनिट आहे. आता फॉल्स सिलिंगमध्ये बसणारा, साधारण एक फूट चौकोनी, दिवा असलेला बाथरूम एक्झॉस्ट काढायचा विचार आहे. मध्ये सहा इंची पंखा, त्याभोवती एलईडीचं गोल कडं, वरून डबा, डब्याला चार इंची पाइप, आणि दमटपणा ओळखून आपोआप चालू होणारा सेन्सर अशी रचना तुम्ही मांडली आहे. हे चालेल का, आणि काही सुटतंय का, असं तुम्ही विचारलंय.

दिवा चालेल, त्यात तुमचा हात बसलेला आहे. पण या रचनेत पंखा फक्त फिरेल, बाथरूममधली हवा बाहेर जाणार नाही. हे इतकं ठामपणे लिहितोय, कारण गेली बावीस वर्षं मी पुण्या-मुंबईत हेच काम करतोय. आधी बसवायचो, नंतर दुसऱ्यांसाठी डिझाइन करू लागलो. घरोघरी सिलिंगमध्ये गुणगुणणारे पंखे आणि त्यांच्याखाली टाइल्सच्या सांध्यांतली काळी पडलेली ग्राउट पाहिली आहे. बहुतेक ठिकाणी पंखा धडधाकट असतो, हवेला वाट नसते.

म्हणून सुरुवात पंख्यापासून करू नका. एक साधं बाथरूम समोर ठेवा: ७ फूट बाय ४ फूट, उंची ८ फूट. म्हणजे २२४ घनफूट, सव्वासहा घनमीटरच्या आसपास. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर ६३ घनमीटर पुरतात. अमेरिकेत स्नानगृहासाठी किमान ५० सीएफएम (मिनिटाला ५० घनफूट), म्हणजे तासाला ८५ घनमीटर, असा प्रघात आहे. आपल्याकडे बादलीतून अंघोळ होते, जमीन आणि भिंती कमरेपर्यंत भिजतात, दार बंद असतं. मी १०० घनमीटर धरतो. हा आकडा पंखा पाइपला जोडून, शेवटी झडप आणि जाळी लावून, दार बंद असताना मिळायला हवा. टेबलावर मोकळ्या हवेत मिळालेला आकडा खोक्यावर छापायला बरा वाटतो, गिऱ्हाइकाच्या घरी तो कधीच मिळत नाही.

आता वाटेत अडथळे किती आहेत ते बघा. चार इंची, म्हणजे १०० मिमी पाइपमधून तासाला १०० घनमीटर जायचे तर वेग सेकंदाला साडेतीन मीटर होतो. गुळगुळीत पीव्हीसी पाइप मीटरला सुमारे २ पास्कल दाब खातो (पास्कल हे दाबाचं एकक). पण सिलिंगचा मिस्त्री अ‍ॅल्युमिनियमचा लवचिक पाइप वापरतो, आणि तोही ताणून न बसवता गोळा करून कोंबतो. मग तोच मीटर तिप्पट-चौपट खातो. दोन वळणं, टोकाची झडप, पक्ष्यांसाठीची जाळी, बाहेर पडताना वाया जाणारा वेग, दाराखालची फट, सगळं धरलं की बेरीज ४० ते ५० पास्कलवर जाते. म्हणजे पाण्याचा ५ मिमीचा स्तंभ. ऐकायला अगदी थोडा आहे. पण सहा इंची साधा पंखा, मिनिटाला २००० फेऱ्या दिल्या तरी, जेमतेम ३० पास्कलचा दाब उभा करतो, आणि त्या दाबाला त्याची हवा जवळजवळ शून्यावर आलेली असते. तो पंखा भिंतीतल्या भोकात बसवून थेट बाहेर हवा फेकण्यासाठी असतो. तिथे तो उत्तम चालतो. पाइपच्या तोंडाशी लावला की पात्यांच्या टोकाशी हवा तिथल्या तिथे घुसळत बसते आणि आवाज वाढतो. गिऱ्हाईक म्हणतं, "पंखा जोरात चालतोय."

इथे ब्लोअर लागतो. पुढे वळलेल्या बारीक पात्यांचा, पिंजऱ्यासारखा इम्पेलर आणि त्याभोवती गोगलगाईच्या शंखासारखं घर. १३० मिमी व्यासाचा इम्पेलर मिनिटाला ११०० फेऱ्यांनी फिरवला तर कडेचा वेग सेकंदाला साडेसात मीटर होतो, आणि हाच आकार ५० पास्कलचा दाब आरामात देतो. सहा इंची पंख्याच्या टोकाचा वेग याच्या दुप्पट असतो. पंख्याचा आवाज टोकाच्या वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो, ढोबळमानाने पाचव्या घाताने. त्यामुळे ब्लोअर घेतला की दाबही मिळतो आणि शांतताही. या एका निर्णयावर तुमच्या वस्तूचं भवितव्य ठरेल असं मला वाटतं.

ब्लोअरची एक खोड मात्र आधीच माहीत असू द्या. पुढे वळलेल्या पात्यांचा ब्लोअर सगळ्यात जास्त वीज खातो तो अडथळा नसताना. पाइप न जोडता टेबलावर चालवला की मोटर तापते. म्हणून तापमानाची चाचणी तीन अवस्थांत घ्या: तोंड उघडं, नेहमीचा पाइप, आणि इम्पेलर अडकवून ठेवलेला. तिसरी अवस्था काल्पनिक समजू नका. दोन वर्षांनी टॉवेलचे धागे आणि टाल्कम पावडर यांचा नमदा साचला की इम्पेलर खरंच अडकतो. मोटरमध्ये थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा) नसेल तर त्या नमद्यालाच धग लागते.

मोटर कुठली, हा प्रश्न पैशांचा वाटतो, पण त्याचा हिशेब करता येतो. १०० घनमीटर हवा ५० पास्कलला ढकलायला तत्त्वतः दीड वॉटही लागत नाही. लहान ब्लोअरची कार्यक्षमता पाव धरली तर शाफ्टवर साडेपाच-सहा वॉट. स्वस्त, साध्या रचनेची शेडेड पोल मोटर यासाठी २५ वॉट ओढते आणि त्यातले बहुतेक उष्णतेत घालवते. ती उष्णता तुमच्या एलईडीच्या शेजारी, बंद डब्यात. बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर तेच काम ९-१० वॉटमध्ये करते. दिवा आणि मोटर एकाच डब्यात राहणार आहेत, त्यामुळे मी बीएलडीसीच्या बाजूने आहे. वीजबिलापेक्षा मला डब्यातल्या उकाड्याची जास्त काळजी वाटते. शिवाय शाफ्ट उभा राहणार आहे. उभ्या शाफ्टला बुश लावला की तेल खाली उतरतं आणि वरची बाजू कोरडी पडते. बॉल बेअरिंगच घ्या, दोन्ही बाजूंना.

आता दिवा. एलईडीचं कडं बाहेर आणि पंखा मध्ये, ही तुमची कल्पना चित्रात छान दिसते. पण बाथरूममध्ये माणूस वर बघतो तेव्हा त्याला उजेडात न्हालेली, धूळ चिकटलेली पाती दिसतात. मी याच्या उलट करेन. दिवा मध्ये, २५० मिमीचा चौकोनी सपाट पॅनेल, आणि त्याच्या चारही कडांना १५ मिमीची फट. हवा त्या फटीतून आत जाईल. फटीची एकूण लांबी एक मीटर, क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १०० मिमी पाइपच्या जवळजवळ दुप्पट. तिथे हवेचा वेग सेकंदाला दोन मीटरच्याही आत राहतो, त्यामुळे शीळ वाजत नाही. भोक झाकलं जातं, आतली पाती दिसत नाहीत, आणि एलईडीच्या अ‍ॅल्युमिनियम पाटीच्या मागून वारा वाहत राहतो. पाटी गार राहते. तुमच्या आजवरच्या कुठल्याही फिटिंगला इतका फुकट गारवा मिळाला नसेल.

पण एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर त्या वाऱ्यात ठेवू नका. वाऱ्याबरोबर वाफ येते, आणि आपल्याकडे वाफेबरोबर आणखी एक गोष्ट येते: अ‍ॅसिड. टाइल्स घासायला घराघरांत अ‍ॅसिडची बाटली असते. बाई ते ओततात, धूर नाकात जातो म्हणून आधी एक्झॉस्ट लावतात, आणि तो धूर सरळ तुमच्या डब्यातून जातो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ जस्ताचा मुलामा महिन्यांत खाते, सर्किटवरचं तांबं हिरवं करते. म्हणून हवेच्या वाटेत पत्रा नको. ब्लोअरचं घर प्लॅस्टिकचं, आग लागली तरी आपोआप विझणाऱ्या प्रतीचं. स्क्रू निदान ३०४ स्टीलचे, रत्नागिरी-मालवणकडे विकणार असाल तर ३१६. मोटरच्या सर्किटवर वार्निशचा पूर्ण थर. दिव्याचा ड्रायव्हर वेगळ्या बंद कप्प्यात, वाऱ्याच्या वाटेबाहेर, जमलं तर रेझिन ओतून. आणि डिफ्यूझरसाठी स्वस्त पॉलिस्टायरीन घेऊ नका. बेसिनच्या जाळीत आणि नाहणीत ज्या डांबराच्या गोळ्या टाकतात त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं. पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. आजकाल बाजारात ज्या स्वस्त एलईडी पाट्या येतात, ज्यांत ड्रायव्हर त्याच पाटीवर छापलेला असतो, त्यांत एलईडीची संपूर्ण साखळी थेट २३० व्होल्टवर असते. हॉलमधल्या डाउनलाइटला ते कदाचित चालेल. बाथरूममध्ये अजिबात नाही. ड्रायव्हर आयसोलेटेडच हवा, घरच्या विजेपासून एलईडीची बाजू पूर्ण वेगळी ठेवणारा, म्हणजे पॅनेल उघडून ओल्या हाताने पुसणाऱ्या माणसाला कमी व्होल्टेजचीच बाजू लागेल. आणि पूर्ण डबा दुहेरी इन्सुलेशनचा करा. जुन्या सोसायट्यांत बाथरूमच्या सिलिंग पॉइंटला अर्थिंगची तार आलेलीच नसते, आणि वायरमन "चालतंय" म्हणून ती सोडून देतो. तुमची सुरक्षितता त्या तारेवर अवलंबून राहता कामा नये.

पाण्याचे शिंतोडे किती उंच जातात, हेही आपल्या घरांतून बघायला हवं. आंतरराष्ट्रीय नियमांत शॉवरच्या जागी २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग ओला धरतात. आपल्याकडे वरच्या मजल्याचा सन्क स्लॅब (त्यांच्या बाथरूमचे पाइप बसावेत म्हणून खाली घेतलेला) खाली आलेला, त्याखाली पाइप, त्याखाली सिलिंग, म्हणजे पुष्कळ बाथरूममध्ये सिलिंग सात फुटांवर, २.१३ मीटरला येतं. तुमचा डबा ओल्या भागातच आहे असं समजून चाला. त्यात कमोडशेजारचा जेट स्प्रे. लहान मूल एकदा तरी तो छताकडे धरतंच, आणि साफसफाई करणाऱ्या मावशीही जाळी धुवायला तोच वापरतात. म्हणून पॅनेलचा भाग धारेला टिकणारा, आयपी ६५, आणि आतला भाग निदान शिंतोड्यांना टिकणारा ठेवा.

खालून येणाऱ्या पाण्याचा विचार सगळे करतात. वरून येणाऱ्या पाण्याचा कोणी करत नाही. ठाण्यातल्या एका सोसायटीतली गोष्ट सांगतो. एका घरात रोज सकाळी साडेसहा ते साडेसातच्या मध्ये आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, पडायचा. दिवसभर काही नाही. दोन इलेक्ट्रिशियन येऊन गेले, आरसीसीबी दोनदा बदलला, गिझर बदलला. मला बोलावलं तेव्हा मी काकूंना एवढंच विचारलं, "एखादा आठवडा असा गेला का, जेव्हा तो पडलाच नाही?" त्या म्हणाल्या, "दिवाळीत आठ दिवस अगदी शांत होतं." दिवाळीत वरच्या मजल्यावरचं कुटुंब गावी गेलं होतं. त्यांच्या सन्क स्लॅबमधून झिरपणारं पाणी नाहणी ट्रॅपच्या कडेने थेंब-थेंब खाली येत होतं आणि बरोबर एक्झॉस्टच्या डब्यावर पडत होतं. डब्याची वायर वरून आत शिरत होती. थेंब वायरवरून ओघळत टर्मिनलपर्यंत पोहोचायचा. वरचे अंघोळीला गेले की खालचा आरसीसीबी पडायचा. तो पडत होता म्हणून बरं. तो नसता तर काय झालं असतं हे त्या काकूंना मी सांगितलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक डब्याचं वरचं झाकण छत्रीसारखं करतो: एकसंध, कडा खाली वळवलेल्या, वर एकही भोक किंवा स्क्रू नाही. वायर बाजूने, खालच्या अर्ध्यात आत घ्या, आणि माहितीपत्रकात चित्र काढून दाखवा की वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब झोळावरून गळून जाईल. भारतात सिलिंगच्या वर कोरडं असतं हे गृहीतच धरू नका.

डब्याची उंचीही तिथूनच ठरते. सन्क स्लॅबचे पाइप टाळून सिलिंगच्या वर सहा-सात इंच मिळतात, क्वचित आठ. म्हणून हवा बाजूने बाहेर काढा, वरून नको, आणि एकूण उंची या जागेत मावेल एवढीच ठेवा. चार कोपऱ्यांना कान द्या, थ्रेडेड रॉडने स्लॅबला टांगण्यासाठी. जिप्समच्या सिलिंगवर वजन टाकलं की पहिल्या पावसाळ्यात बोर्ड ओल धरतो, वाकतो, आणि डबा एका बाजूने खाली येतो. सिलिंगवाला तुमच्या डब्याचा ग्राहक नसतो, त्याला घाई असते. कानात रॉड घातल्याशिवाय डबा बसूच नये अशी रचना केलीत तर फार त्रास वाचेल.

आता सेन्सर. इथे तुमचा हिशेब उन्हाळ्यात नागपूरला जमेल, पावसाळ्यात मुंबईत जमणार नाही. जुलैत मुंबईत बाहेरचीच आर्द्रता ८५-९० टक्के असते. ७५ टक्क्यांना चालू होणारा पंखा जूनमध्ये सुरू होईल आणि ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाही. तो बाहेरचीच ओली हवा आत ओढत राहील. आकडे पाहा: गरम पाण्याची अंघोळ चालू असताना ३५ अंशांची तुडुंब वाफाळलेली हवा घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम पाणी धरते. पावसाळ्यात तिच्या जागी येणारी २८ अंशांची दमट हवा स्वतःच २४-२५ ग्रॅम घेऊन येते. निव्वळ फायदा पंधरा ग्रॅमचा. पुण्यात जानेवारीच्या सकाळी, २० अंश आणि निम्मी आर्द्रता असताना, आत येणारी हवा नऊच ग्रॅम आणते आणि फायदा दुप्पट होतो. तोच पंखा, तोच पाइप. म्हणून ठरावीक टक्क्याला चालू होणारा सेन्सर नको. आर्द्रता किती झपाट्याने चढते आहे ते पाहणारा सेन्सर लावा, किंवा सेन्सरच सोडून द्या आणि साधा टायमर द्या: बंद केल्यावर वीस मिनिटं चालून थांबणारा. मी टायमरच्या बाजूने आहे. कमी बिघडतो, आणि घरातल्या प्रत्येकाला समजतो.

टायमरला कायमचा फेज, म्हणजे स्विच बंद असतानाही वीज देणारी तार, लागते, आणि जुन्या घरात सिलिंग पॉइंटला एकच स्विचमधून आलेली तार असते. म्हणून डबा दोन्ही तऱ्हांनी जोडता येईल असा करा. नवीन घर असेल तर दिव्याला एक स्विच, पंख्याला दुसरा, आणि टायमरसाठी कायमचा फेज. जुनं घर असेल तर एकच स्विच, आणि दोन सेकंदांत बंद-चालू केल्यावर फक्त दिवा, किंवा दिवा आणि पंखा दोन्ही. रंग बदलणारे एलईडी पॅनेल असंच चालतात, त्यामुळे लोकांच्या हाताला ही सवय आहे. दिवा लावला की पंखा लागलाच पाहिजे अशी सक्ती करू नका. रात्री दोनला आजी उठते. तिला उजेड हवा असतो आणि घर झोपलेलं राहायला हवं असतं. शक्य असेल तर पॅनेलमध्ये एक वॉटचा पिवळसर मंद दिवा द्या. म्हाताऱ्या माणसांच्या घरात बाकी कुठल्याही सोयीपेक्षा याचं मोल जास्त आहे.

दिव्याचे आकडे तुम्हाला सांगायला नकोत, तरी एका ओळीत: अडीच चौरस मीटरच्या जागेला ९०० ते १००० ल्युमेन, म्हणजे १०-१२ वॉट पुरेत, रंग ४००० केल्विनच्या आसपास. आरशासाठी मात्र वेगळा दिवा लागतो हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नाहीतर डोळ्यांखालच्या सावल्यांचा दोष तुमच्या पॅनेलवर येईल. आणि दिव्याचा व मोटरचा वीजपुरवठा एकत्र करण्याचा मोह टाळा. काही रुपये वाचतील, पण तो एक ड्रायव्हर गेला की घरातल्या एकमेव बाथरूममध्ये उजेडही नाही आणि हवाही नाही. आतल्या ड्रायव्हरला १४० ते २८० व्होल्ट झेपले पाहिजेत. तालुक्याच्या गावात संध्याकाळचं आणि पहाटेचं व्होल्टेज मोजून बघा, म्हणजे मी असं का म्हणतोय ते कळेल.

हवा बाहेर जाते त्या टोकाकडे येऊ. आपल्या इमारतींत ते टोक बहुतेक वेळा डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत उघडतं. तिथे सात मजल्यांचे पंखे एकमेकांवर फुंकत असतात. वरच्या मजल्यांवर वाऱ्याचाही प्रश्न येतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून आला तर तो ६० पास्कलचा दाब देतो, म्हणजे तुमचा ब्लोअर जेवढा जोर लावतो त्याहून जास्त. म्हणून उलट येणारी हवा अडवणारी झडप हवीच, आणि ती डब्याच्या तोंडाशीच द्या, बसवणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. पातळ सिलिकॉनची झडप वाऱ्यात खडखडत नाही. टोकाला १०-१२ मिमीची जाळी, कबुतरांसाठी. डासांची बारीक जाळी लावली की सहा महिन्यांत धाग्यांनी बुजते. पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार, मीटरला एक सेंटिमीटर. आणि डब्यापासून पहिले तीस-चाळीस सेंटिमीटर पाइप सरळ जाऊ द्या. ब्लोअरच्या तोंडाशीच वळण आलं की बराच दाब तिथेच संपतो. पाइप सिलिंगच्या वर मोकळा सोडणाऱ्यांचं काम मी पाहिलं आहे. तिथली वाफ वरच्या स्लॅबच्या सळयांपर्यंत पोहोचते.

आत येणाऱ्या हवेचा विचार तर कोणीच करत नाही. बाथरूमचं दार ग्रॅनाइटच्या उंबरठ्यावर घट्ट टेकतं, पाणी बाहेर येऊ नये म्हणून खाली रबराची पट्टीही असते. मग पंखा ओढणार काय? अडीच फुटी दाराखाली २० मिमी फट ठेवली तर १५० चौरस सेंटिमीटर मिळतात, तेवढं पुरतं. खोक्यात २० मिमीची एक पुठ्ठ्याची पट्टी टाका: "ही पट्टी दाराखालून सहज सरकली पाहिजे." माझ्या मते ही पट्टी तुमच्या सेन्सरपेक्षा जास्त काम करेल. कोकणातल्या जुन्या घरांत न्हाणीघर परसात असायचं, भिंत आणि कौलं यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा असायची. तिथे पंखा कोणी मागितला नसता.

याच मुद्द्यावर एक इशारा, आणि तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापा. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर हा पंखा लावून धोका टळत नाही. हवा आत यायला वाट नसताना पंखा खोलीत उणा दाब तयार करतो, आणि गिझरचा जळका वायू वर जाण्याऐवजी खोलीतच उतरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे माणसं गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. "एक्झॉस्ट आहे ना" म्हणून कोणी तो आत ठेवता कामा नये.

साफसफाईसाठी डबा कसा उघडतो, यावर मी एक संपूर्ण महिना घालवला होता आणि तो वाया गेला नाही. स्टुलावर उभा राहिलेला माणूस एका हाताने भिंत धरतो. त्याच्याकडे एकच हात उरतो. म्हणून पॅनेल खाली ओढला की तारेच्या दोन स्प्रिंगांवर सुटावा आणि एका दोरीवर लटकत राहावा, त्याची वायर प्लगने सुटावी. इम्पेलर एका चाकीच्या नटने हाताने निघावा, नळाखाली धुवावा, परत बसावा. परत बसवताना उलटा बसणार नाही अशी खाच द्या. पुढे वळलेल्या पात्यांत धूळ भरते, हे मी टाळू शकलेलो नाही. पण वर्षातून दोनदा ती कोणालाही धुता आली तर पंखा दहा वर्षं चालतो, आणि नाही धुता आली तर दोन वर्षांत तोल जाऊन घुमायला लागतो.

पंखा काय करू शकत नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगा. सव्वीसशे मिलिलिटर पाणी म्हणजे आपल्या सात बाय चारच्या बाथरूमच्या जमिनीवर एक मिमीचा थर. अंघोळीनंतर त्याच्या निम्मा थर राहिला तरी सव्वा लिटर पाणी झालं. घनमीटरमागे पाच ग्रॅम उचलले, तर १०० घनमीटरचा पंखा ते सुकवायला अडीच तास घेईल. वायपर एका मिनिटात ते नाहणीत ढकलतो. आधी वायपर, मग वीस मिनिटं पंखा. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हे लिहा.

मोजण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लगेच लागत नाही. पाण्याची यू-नळी ५ मिमीचा फरक दाखवू शकते, तिरकी धरली तर अधिक स्पष्ट. हवेसाठी २०० लिटरची पातळ प्लॅस्टिकची पिशवी पाइपच्या टोकाला चिकटवा: तासाला १०० घनमीटर असतील तर ती सव्वासात सेकंदांत फुगते. बारा सेकंद लागले तर साठच घनमीटर मिळतायत. गिऱ्हाइकाच्या घरी दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे, आणि तो सरळ पॅनेलच्या कडेकडे जायला हवा. दारातून आलेली हवा खोली ओलांडून जायला हवी, म्हणून डबा दारापासून लांब, शॉवरच्या बाजूला बसतो.

साचा लगेच काढू नका. इंजेक्शन मोल्डचे लाखो रुपये एकदा गेले की चूकही त्याच साच्यात कायमची बसते. पहिले पाच-सहा डबे पत्रा आणि थ्रीडी प्रिंटचे करा. दोन मुंबईत समुद्राजवळ, दोन पुण्यात, एखादा नागपूरकडे, आणि एक अशा घरी द्या जिथे वरचा मजला गळतो. जूनमध्ये बसवा, ऑक्टोबरात उघडा. आत काय गंजलं, कुठे धागे साचले, कुठला स्क्रू हलला, याचे फोटो काढा. आणि ब्लोअरचा हवा-दाबाचा आलेख काढलात की ५० पास्कलच्या रेषेवर तो किती घनमीटर दाखवतो तेवढं मला कळवा. पाइप ७५ मिमीचा करून खर्च वाचवावा असा विचार मधे मनात आला, तर त्याच आलेखावर रेषा पुन्हा ओढून बघा: तेवढ्याच हवेला त्या पाइपमध्ये घर्षण चौपट होतं.